दिवाळीचा कार्यक्रम आणि भेटीचा रविवार

२३ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातील मुलांच्या बालगृहात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी दिवाळीचा कार्यक्रम केला. फराळ वाटला गेला, मुलांनी स्वागतगीत म्हटले, प्रमुख पाहुण्यांचे भाषण लांबले आणि सर्वांनी मिळून छायाचित्रे काढली. त्या दिवशी कोणालाच काही चुकल्यासारखे वाटले नाही; तरीही पुढील दोन वर्षांत या गटाने जे काही केले, त्यातील बहुतेक गोष्टी त्या दुपारच्या एका चुकीतून निघाल्या आहेत. कार्यक्रम अधिकारी या नात्याने परवानगीच्या पत्रावर सही माझीच होती, त्यामुळे हे टिपण तटस्थ निरीक्षकाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. संस्थेचे नाव येथे दिलेले नाही. ज्या मुलाचा उल्लेख पुढे येतो, त्याचा वर्ग आणि त्याच्या आईच्या कामाचा तपशीलही मुद्दाम बदलला आहे. तसे का करावे लागते, हेही या प्रकरणातच आम्हाला शिकावे लागले.

बालगृहाची मंजूर क्षमता ५० मुलांची असून त्या वेळी तेथे ३८ मुले होती. संस्था बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ खाली नोंदलेली आहे आणि मुले, अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीच्या आदेशाने दाखल होतात. शासनाचे अनुदान मुलामागे ठरलेल्या दराने मिळते, पण ते टप्प्याटप्प्याने येते आणि टप्पा लांबला की किराणा दुकानाची उधारी वाढते. अधीक्षिका, एक समुपदेशक, दोन काळजीवाहक, स्वयंपाकाच्या दोन मावशी आणि रात्रीचा पहारेकरी एवढाच कर्मचारीवर्ग. आमच्या गटात चौदा विद्यार्थी होते. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम करावे लागते, आणि ‘तास भरले का?’ हा प्रश्न आमच्याकडे इतका रूढ आहे की काम कोणते आणि कोणासाठी, हे विचारायचे पुष्कळदा राहून जाते. दिवाळीचा कार्यक्रम हा तास भरण्याचा सोपा मार्ग होता. विद्यार्थ्यांच्या मनात दुसरे काही नव्हते असे नाही. उत्साह खरा होता. पण तारीख त्यांनी सुट्टी पाहून ठरवली आणि मी ती तशीच मान्य केली.

बालगृहात पालकांच्या भेटीचे दोन दिवस ठरलेले आहेत: महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार, दुपारी एक ते चार. २३ ऑक्टोबर हा चौथा रविवार होता. अधीक्षिकांनी आम्हाला दूरध्वनीवर तसे सांगितले होते, आणि आमच्या गटप्रमुखाने ‘आम्ही बारा ते एक एवढाच वेळ घेऊ’ असे उत्तर दिले होते. पाहुणे दीड वाजता आले. कार्यक्रम चार वाजून दहा मिनिटांनी संपला.

सातवीत शिकणाऱ्या एका मुलाची आई त्या दिवशी सकाळी स्वारगेटहून एसटीने निघून साडेबारा वाजता पोहोचली होती. ती पुण्यात एका घरी राहून स्वयंपाकाचे आणि वृद्ध आजींच्या देखभालीचे काम करते. दिवाळीत सुट्टी मिळणार नाही म्हणून तिने आधीच एक दिवस मागून घेतला होता. परतीची गाडी साडेचारची होती. सभागृह आमच्या कार्यक्रमाने भरलेले, भेटीची खोली आमच्या खोक्यांनी भरलेली, म्हणून ती स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर बसून राहिली. सोबत पिशवीत केळी आणि चकल्यांचा स्टीलचा डबा होता. आमच्या एका स्वयंसेविकेने ती मावशींची कोणी नातेवाईक असावी असे समजून ‘घ्या ना, मावशी’ म्हणत तिच्या हातात फराळाची प्लेट दिली. तिने ती घेतली आणि मांडीवर तशीच ठेवली. मुलगा तिसऱ्या रांगेत बसला होता आणि त्याला खिडकीतून आई दिसत होती. भाषण चालू असताना तो दोनदा मध्येच टाळ्या वाजवू लागला. आम्ही हसलो, कारण आम्हाला ती खोडी वाटली. कार्यक्रम लवकर संपावा म्हणून तो टाळ्या वाजवत होता, हे समजायला आम्हाला आठ दिवस लागले. मायलेकांची भेट फाटकापाशी झाली, जेमतेम दहा मिनिटे.

हे आम्हाला कळले ते दुसऱ्याच निमित्ताने. कार्यक्रमाची सतरा छायाचित्रे स्वयंसेवकांनी इन्स्टाग्रामवर टाकली होती, चेहरे स्पष्ट दिसतील अशी, आणि त्याखाली ‘अनाथ मुलांसोबत आमची दिवाळी’ असे लिहिले होते. बाल कल्याण समितीच्या एका सदस्यांच्या पाहण्यात ती आली आणि त्यांनी अधीक्षिकांना जाब विचारला. अधिनियमाच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असा तपशील किंवा त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. तसे केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आम्ही तासाभरात छायाचित्रे काढून टाकली, समितीकडे लेखी दिलगिरी दिली आणि प्रकरण तेथेच थांबले. पण कायद्यापेक्षा जास्त लागले ते अधीक्षिकांनी नंतर शांतपणे सांगितलेले. त्या सातवीतल्या मुलाने शाळेत ‘आई पुण्याला नोकरीला आहे आणि मी होस्टेलला राहतो’ असे सांगितले होते, आणि त्यात खोटे असे काहीच नव्हते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा वर्गातील दोन मुलांनी मोबाईलवरचे ते छायाचित्र आठवणीने सांगून त्याला ‘अनाथ’ म्हणून हाक मारली. त्या घटनेनंतर तो चार दिवस शाळेत गेला नाही.

‘अनाथ’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. या बालगृहातील ३८ मुलांपैकी आई आणि वडील दोघेही नसलेली मुले पाच होती. उरलेल्यांना आई किंवा वडील, काहींना दोघेही आहेत. कोणाचे आजारपण, कोणाचे व्यसन, कोणाचे स्थलांतर, कोणाची सुटलेली सोयरीक, अशा कारणांनी मूल घरी राहू शकत नाही एवढेच. कायदासुद्धा ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असा लांबलचक शब्दप्रयोग करतो, तो उगाच नव्हे. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचे नाव पुढे पुणे विद्यार्थी गृह झाले, हे मी गटाला सांगितले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की मग आपल्या बॅनरवर आता काय लिहायचे. अधीक्षिका म्हणाल्या, ‘बॅनरच नको.’ हा प्रश्न इतक्या सहज सुटेल असे मला वाटले नव्हते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गट पुन्हा बालगृहात गेला, पण या वेळी मुलांकडे न जाता कोठीघरात. तेथे आवक नोंदवही आमच्यापुढे ठेवण्यात आली. दिवाळीच्या आठवड्यात अकरा गट येऊन गेले होते: मंडळे, एक बँक, दोन शाळांचे माजी विद्यार्थी, वाढदिवस साजरे करणारी कुटुंबे. नोंदवहीप्रमाणे चिवडा ६४ किलो, लाडू ४१ किलो, ब्लँकेट ५२, कंपासपेट्या ९०. मुले ३८. चिवड्याचे दोन पिंप उघडले तर वरचा थर मऊ पडलेला आणि शेंगदाणे खवट झालेले. ब्लँकेटांना जागा नव्हती म्हणून ती खाटांखाली लावली होती, आणि त्या आधीच्या वर्षाचीही बारा तेथेच होती. अधीक्षिकांनी सांगितले की त्या आठवड्यात स्वागतगीत अकरा वेळा म्हटले गेले आणि शेवटच्या दिवशी दोन लहान मुलांनी पोटदुखीचे निमित्त सांगून खोलीतच झोपून घेतले. ते निमित्त नव्हते, लाडू खरोखरच जास्त झाले होते.

मग त्यांनी दुसरी वही काढली, देण्यांची. शौचालयाची टाकी उपसून घ्यायची होती, साडेसहा हजार रुपये. पाच मुलांना चष्मे लागले होते. एका मुलाला दर पंधरवड्याला जिल्हा रुग्णालयात न्यावे लागत होते, त्याचा आणि सोबत जाणाऱ्या काळजीवाहकाचा प्रवासखर्च. पाणी तापवायचा बंब गळत होता. आणि सगळ्यात मोठा आकडा जूनचा. पाचवीपासूनची २७ मुले गावातील खासगी अनुदानित शाळेत जातात. तेथे आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, पण मोफत गणवेशाची योजना शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांपुरती असल्यामुळे गणवेश मिळत नाही, आणि नववी-दहावीला पुस्तकेही विकत घ्यावी लागतात. दोन गणवेश, बूट, नववी-दहावीच्या नऊ मुलांची पुस्तके, असा हिशेब साठ हजारांच्या पुढे जात होता. जूनमध्ये कोणी येत नाही. दिवाळी, स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन आणि पितृपक्ष हे देणाऱ्यांचे दिवस. शाळा उघडण्याचा आठवडा हा कोणाचाच दिवस नाही. शौचालयाच्या टाकीसाठी आपल्या वडिलांच्या नावे देणगी द्यायला कोण तयार होईल, असे अधीक्षिकांनी विचारले तेव्हा सगळे हसले, पण पुढे एका निवृत्त पोस्टमास्तरांनी नेमकी तीच देणगी दिली आणि पावतीवर कारण स्पष्ट लिहून घेतले.

येथून गटाचे काम बदलले. काय द्यायचे हे आम्ही न ठरवता जूनची यादी हाच आधार मानायचा आणि त्यासाठी डिसेंबरपासून पैसे उभे करायचे, असे ठरले. निधी उभारण्याच्या कामात आमचे अज्ञान किती होते, हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तरुण गट बहुधा याच ठिकाणी अडखळतात.

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी गटाने २३,६५० रुपये जमवले होते, आणि ते सगळे खजिनदार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या यूपीआय खात्यावर आले होते. त्याच खात्यातून तो खानावळीचे पैसे भरत होता, मित्रांना उसने देत होता, मोबाईल रिचार्ज करत होता. हिशेब मागितला तेव्हा तीन संध्याकाळी बसून नोंदी लावाव्या लागल्या आणि शेवटी १,१५० रुपयांचा मेळ लागेना. पाच दिवसांनी बॅनर छापणाऱ्याची रोख पावती एका पँटच्या खिशात सापडली. कोणी लबाडी केली नव्हती. पण ती पावती धुण्यात गेली असती तर त्या मुलाला जन्मभर पुरेल इतका संशय गावात तयार झाला असता. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. गणेशोत्सव मंडळांना हे दरवर्षी करावे लागते, आणि आमच्यातील चार जण स्वतःच्या गल्लीतील मंडळाचे कार्यकर्ते असूनही ‘आपले काम चांगले आहे, आपल्याला कशाला परवानगी’ अशीच सगळ्यांची समजूत होती.

तोडगा साधा निघाला. गटाने पैशाला हात लावायचाच नाही. बालगृह चालवणारी संस्था नोंदणीकृत न्यास आहे; तिने या कामासाठी वेगळे बचत खाते उघडले, त्या खात्याचा क्यूआर कोड गटाने लोकांना दाखवायचा, आणि पावती संस्थेने द्यायची. यामुळे देणगीदारांना प्राप्तिकरातील ८०-जी कलमाची सवलतही सांगता आली. त्यातही बारकावे होते. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिली तर तिला सवलत मिळत नाही. वस्तुरूप देणगीला मिळत नाही. आणि देणगीदाराचा पॅनसारखा ओळख क्रमांक घेतला नाही तर संस्थेला वर्षअखेरच्या विवरणात नोंद करता येत नाही व त्याला प्रमाणपत्रही देता येत नाही. पॅन मागायला आमच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला फार संकोच वाटे. ‘शंभर रुपये देणाऱ्याला पॅन कसा मागायचा, सर?’ हा प्रश्न रास्त होता. शेवटी ज्यांना सवलत हवी त्यांच्याकडूनच तो घ्यायचे ठरले.

एसटी स्थानकावर डबे घेऊन उभे राहण्याचा विचार पुढे आला होता, तो मागे पडला. बालगृहातील गाणारी चार मुले यात्रेत गाऊन पैसे जमवतील, अशीही सूचना एकाने केली होती. अधीक्षिकांनी ती ऐकून घेतली आणि एवढेच म्हटले की मुलांना भीक मागायला लावणे हा याच अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि यात्रेतले गाणे त्यापासून किती लांब आहे हे आपल्याला कळत नाही. सूचना करणारा विद्यार्थी भला मुलगा आहे. त्याला मुलांची कला लोकांसमोर यावी असे वाटत होते. पण पैशाच्या डब्यामागे उभे राहून गायलेले गाणे आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात गायलेले गाणे यांत फरक आहे, हे त्याला तेव्हा पटले नाही आणि मला वाटते आजही पूर्ण पटलेले नाही.

पहिला खरा उपक्रम रद्दीचा. डिसेंबर आणि जानेवारीतील चार रविवारी स्वयंसेवक घरोघर फिरले. भेटीचे रविवार असले तरी हरकत नव्हती, कारण बालगृहात जायचे नव्हते. २,३४० किलो रद्दी जमली, सरासरी १३ रुपये भाव मिळाला, म्हणजे ३०,४२० रुपये. टेम्पो आणि डिझेलचे ४,२०० वजा जाता २६,२२० रुपये उरले. वर्तमानपत्रे, वह्या आणि पुठ्ठा वेगवेगळे बांधले तर भाव वेगवेगळा मिळतो, हे रद्दीवाल्याने दुसऱ्या रविवारी शिकवले. पहिल्या रविवारी सगळे एकत्र दिल्यामुळे आम्ही पुठ्ठ्याच्या भावात वर्तमानपत्रे घातली होती.

दुसरा उपक्रम एकांकिकेचा, आणि तो मला आवडलेला असूनही हिशेबाच्या दृष्टीने फसला. ३१० तिकिटे शंभर रुपयांनी गेली. सभागृहाचे भाडे ९,०००, प्रकाश व ध्वनी ६,५००, छपाई आणि इतर २,३००, लेखकाचे मानधन १,०००. हाती १२,२०० रुपये आले. पंचवीस जणांनी महिनाभर तालीम केली, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी धावपळ केली, आणि इतके करून मिळालेली रक्कम तीन रविवारच्या रद्दीपेक्षाही कमी. एकांकिका करू नये असे मी म्हणणार नाही. ती नाटकासाठी करावी. तिला निधीचे ओझे दिले की नाटकही लंगडते आणि निधीही.

तिसरा मार्ग सर्वांत नीरस आणि सर्वांत उपयोगी ठरला: दरमहा शंभर रुपये, यूपीआयच्या ऑटोपेद्वारे, आपोआप. जानेवारी २०२३ मध्ये १८४ जण तयार झाले. जूनपर्यंत १३१ उरले. कोणाचे खाते बदलले, कोणाच्या खात्यात त्या तारखेला शिल्लक नव्हती, कोणी कंटाळले. तरीही सहा महिन्यांत ९४,३०० रुपये जमा झाले आणि मुख्य म्हणजे ते दर महिन्याला आले. अधीक्षिकांना किराणा दुकानदाराला तारीख सांगता येऊ लागली. गळती थांबवण्यासाठी विद्यार्थ्यांनी दर महिन्याला चार ओळींचा संदेश पाठवायला सुरुवात केली, छायाचित्राशिवाय: या महिन्यात बंब दुरुस्त झाला, चष्मे आले, टाकी उपसली. एका देणगीदाराने कळवले की टाकीची बातमी वाचून त्याला आपले पैसे कोठे गेले हे पहिल्यांदाच नीट कळले.

याच काळात अमेरिकेतील एका माजी विद्यार्थ्याने एक हजार डॉलर देऊ केले. तो आता तेथील नागरिक आहे. संस्थेच्या विश्वस्तांनी नम्रपणे नकार दिला, कारण परकीय योगदान (विनियमन) अधिनियमाखाली संस्थेची नोंदणी नाही आणि परदेशी नागरिकाचे पैसे, तो जन्माने मराठी असला आणि त्याचे आजोळ याच गावात असले तरी, परकीय योगदानच ठरतात. त्याचा भारतीय पारपत्र असलेला मित्र, तोही न्यू जर्सीतच राहणारा, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकला. विद्यार्थ्यांना हे विचित्र वाटले. ‘त्याने आईच्या खात्यावर पाठवावे आणि आईने द्यावे’ हा मार्ग लगेच सुचवला गेला. विश्वस्तांनी तोही नाकारला, कारण मधे कितीही हात आले तरी मूळ पैसा परकीयच राहतो. चौदापैकी निम्म्यांना हा ताठरपणा वाटला. माझे मत वेगळे आहे: अडतीस मुलांचे घर ज्या नोंदणीवर उभे आहे, ती ऐंशी हजारांसाठी पणाला लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मुलांसोबतच्या उपक्रमांबाबत गटाने उशिराच विचार केला. आधी जो येईल तो खेळ घेई आणि निघून जाई. जाताना ‘पुढच्या रविवारी येतो हं’ असे सहज म्हटले जाई, आणि एक आठवीतला मुलगा ही वाक्ये वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवत असल्याचे समुपदेशकांनी आम्हाला दाखवले. सात तारखा होत्या. दोन पाळल्या गेल्या होत्या. त्यानंतर नियम कडक झाले. ज्याला वर्षभर दर शनिवारी दोन तास येता येईल त्यानेच अभ्यासवर्ग घ्यायचा. पोलीस पडताळणी करून घ्यायची. दोघांनी मिळून यायचे. मुलांना मोबाईल क्रमांक द्यायचा नाही. ‘तुझे आईवडील कोठे असतात’ हे विचारायचे नाही. न पाळता येणारी तारीख उच्चारायची नाही. चौदा जणांतून सहा उरले. त्या सहांनी गणित आणि इंग्रजी नेटाने घेतले, पण एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या आणि मुलांच्या वार्षिक परीक्षेच्या ऐन तोंडावर वर्ग तीन आठवडे बंद पडले. यावर आम्हाला अजून उत्तर सापडलेले नाही.

एक उपक्रम मात्र कोणतीही योजना न करता रुजला. एका स्वयंसेवकाच्या वडिलांचे गावात केशकर्तनालय आहे. सोमवारी दुकान बंद असते. महिन्यातून एका सोमवारी संध्याकाळी ते स्वतः येतात आणि मुलांचे केस कापतात. आधी संस्थेत सगळ्यांचे केस एकाच मशीनने, एकाच मापाने उतरवले जात. आता मुले रांगेत बसून आपापली मागणी ठरवतात, कोणाला बाजू बारीक हवी असते, कोणाला पुढचा झुपका ठेवायचा असतो, आणि शाळेच्या नियमात बसेल तितके ते करून देतात. यासाठी त्यांनी कधी हार-तुरे स्वीकारले नाहीत. चहा मात्र दोनदा मागून घेतात.

या दोन वर्षांतील सर्वांत उपयोगाचे काम कोणते, असे विचारले तर मी निधीकडे बोट दाखवणार नाही. जानेवारीत समुपदेशकांशी बोलताना लक्षात आले की काही मुले केवळ त्यांना घरी ठेवून पोसणे आईला शक्य नाही म्हणून येथे आहेत. महिला व बाल विकास विभागाची बालसंगोपन योजना अशाच कुटुंबांसाठी आहे. मूल संस्थेत न ठेवता घरीच वाढावे म्हणून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि त्यासाठी बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. अडचण असते ती कागदांची. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, पतीचा मृत्यू दाखला, मुलाचे शाळेचे बोनाफाईड, बँक खाते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला यातील प्रत्येक कागदासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. दोन विद्यार्थिनींनी तीन मातांबरोबर तहसील कार्यालय, ग्रामपंचायत आणि सेतू केंद्राच्या फेऱ्या मारल्या. एकीच्या पतीचे नाव मृत्यू दाखल्यावर एका पद्धतीने आणि आधारवर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले होते. ते दुरुस्त होण्यात सात आठवडे गेले. तीनपैकी दोन अर्ज मंजूर झाले आणि समितीच्या आदेशाने दोन मुले नव्या शैक्षणिक वर्षाआधी आपापल्या घरी गेली. या कामाचे एकही छायाचित्र नाही. तासांच्या नोंदवहीत ते कोणत्या सदरात घालायचे, हेही आम्हाला ठरवता आले नाही. शेवटी ‘इतर’ या रकान्यात ४६ तास लिहिले. सातवीतल्या त्या मुलाच्या बाबतीत मात्र हा मार्ग निघाला नाही, कारण त्याची आई ज्या घरी काम करते तेथेच राहते आणि मुलाला ठेवायला तिच्याकडे खोली नाही.

१५ जून २०२३ ला शाळा उघडायच्या होत्या. त्याआधीच्या आठवड्यात बूट घ्यायला मुलांना दुकानातच न्यायचे ठरले, नऊ-नऊच्या तीन गटांत. आधी मापे घेऊन घाऊक खरेदी करावी, ती स्वस्त पडेल, असा माझा आग्रह होता; अधीक्षिकांनी तो मानला नाही. दुकानात मी दुसऱ्या गटाबरोबर होतो. सहावीतल्या एका मुलाच्या पायाला चार नंबरचा बूट नीट बसत होता, पण तो सहा नंबरचा मागत राहिला. दुकानदाराने अंगठ्यापुढे दोन बोटे घालून दाखवले, तरी तो ऐकेना. शेवटी म्हणाला, ‘पुढच्या वर्षी कोण देणार?’ सोबत असलेल्या स्वयंसेविकेने त्याला काही आश्वासन देण्यासाठी तोंड उघडले आणि नियम आठवून मिटले. पाच नंबरवर तडजोड झाली, आत जाड पायमोजा घालून. २७ मुलांचे बूट, गणवेश आणि नववी-दहावीची पुस्तके मिळून ६१,११० रुपये खर्च झाला, आणि त्याची बिले संस्थेच्या फाईलमध्ये लावली गेली.

२०२३ ची दिवाळी गटासाठी परीक्षेसारखीच होती. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १२ नोव्हेंबरला आले, आणि तो महिन्याचा दुसरा रविवार होता. गटाने कार्यक्रम केला नाही. येऊ इच्छिणाऱ्या इतर मंडळांना त्यांनी पंधरा दिवस आधीच गाठून फराळाऐवजी जानेवारीचा किराणा द्यावा अशी विनंती केली. अकरांपैकी चार मंडळांनी ती मानली, दोन रागावली, उरलेली नेहमीप्रमाणे चिवडा घेऊन आली. भेटीच्या दिवशी तिघे स्वयंसेवक फक्त स्वयंपाकघरात होते, येणाऱ्या पालकांच्या चहासाठी. त्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्यामुळे की काय, भेटीला येणाऱ्या आयांची संख्या वाढल्याचे अधीक्षिका सांगतात. सातवीतला मुलगा आता आठवीत होता. त्याची आई साडेबाराच्या सुमारास आली आणि भेटीच्या खोलीत चार वाजेपर्यंत बसली. मायलेक कॅरम खेळले. तिने चहा घेतला तेव्हा कप देणारी मुलगी तीच होती, गेल्या वर्षी प्लेट देणारी. दोघींनी एकमेकींना ओळखले की नाही, ते मला सांगता येणार नाही.

जुन्या गटातील नऊ जण आता पदवीधर होऊन बाहेर पडले आहेत. मासिक देणगीदार ९६ वर आले आहेत. नव्या तुकडीचा पहिला लेखी प्रस्ताव गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर आला: बालगृहात दिवाळी फराळ वाटप, चित्रकला स्पर्धा आणि स्नेहभोजन, रविवार, २७ ऑक्टोबर २०२४, दुपारी एक वाजता. तो या महिन्याचा चौथा रविवार आहे. मी प्रस्तावावर सही केलेली नाही. त्याला हे टिपण आणि बालगृहाच्या देण्यांच्या वहीची या महिन्याची प्रत जोडून तो गटाकडे परत पाठवला आहे.